मदत हवी आहे: पाहुण्यांच्या ड्युटीसाठी कोणती सेडान घ्यावी? (पुणे)

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मेव्हणा मिळून दोन डिझायर चालवतो. दोन्ही सीएनजी, पिवळ्या पाटीच्या (टॅक्सी नोंदणीच्या), सहा वर्षांपासून चाकणच्या एका कंपनीत लावलेल्या. लोहगाव विमानतळ ते चाकण, हिंजवडी, खराडी हे रोजचं काम, आणि महिन्यातून सात-आठ वेळा मुंबई विमानतळ. आता कंपनीने विचारलंय, बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी आणि वरच्या साहेबांसाठी एक मोठी सेडान लावता का? तीन वर्षांचा करार लेखी देतायत. गाडी घ्यायची हे नक्की आहे, कोणती ते ठरत नाहीये.

आधी एक प्रसंग सांगतो, म्हणजे माझी अडचण कळेल. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला विमानतळावरून दोन पाहुणे घेतले, एक साठीच्या बाई आणि एक तरुण इंजिनिअर. बॅगा चार, त्यातल्या दोन चांगल्याच मोठ्या. डिकीत सीएनजीची टाकी, त्यामुळे मोठी बॅग कशीबशी एकच बसली. दुसरी पुढच्या सीटवर पट्टा लावून ठेवली, एक त्या मुलाच्या पायाशी, आणि चौथी त्या बाईंनी चाकणपर्यंत मांडीवर धरली. मोशीला ट्रॅफिक लागलं, सव्वा तास गेला. बाई एका शब्दाने बोलल्या नाहीत, उतरताना थँक्यू म्हणाल्या. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. इतक्या लांबून आलेलं माणूस आपल्या भरवशावर अनोळखी गावात उतरतं, त्याला निदान पाय मोकळे करून बसता आलं पाहिजे.

म्हणून या वेळी गाडी मागच्या सीटवर बसून निवडायची असं ठरवलंय. आतापर्यंत काय पाहिलं ते लिहितो.

फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया: आपल्या चाकणलाच बनतात. डिकी ५२१ लिटर, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २६५१ मिमी. आमच्या डिझायरचा २४५० आहे, म्हणजे वीतभर फरक, आणि तो बसल्या बसल्या गुडघ्याला कळतो. दोन माणसांना मागे मस्त, तिसऱ्याला अडचण. पण आमच्या ड्युटीत तिसरा माणूस क्वचित असतो.

ह्युंदाई व्हर्ना: डिकी सगळ्यात मोठी, ५२८ लिटर, पाय पसरायला जागाही भरपूर. पण छत मागे उतरतं. माझ्या वडिलांना (वय ७१, गुडघेदुखी) बसवून पाहिलं. आत जाताना डोकं वाकवावं लागलं आणि उठताना दाराला धरून उठले. हे मला खटकलं.

होंडा सिटी: डिकी ५०६. वडील सगळ्यात सहज याच गाडीत बसले-उठले. हायब्रिड पाहिली तर अ‍ॅव्हरेजचा आकडा मोहात पाडतो, पण बॅटरीमुळे तिची डिकी लहान होते. म्हणजे पुन्हा बॅगेचीच रड.

सियाझ मनात होती, ती बंदच झाली. डिझेलमध्ये सिटी आणि व्हर्ना २०२३ पासून येत नाहीत.

खर्चाची भीती खरी आहे. गाडी महिन्याला साडेतीन हजार किलोमीटर पळेल. पेट्रोलवर एसी लावून, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये १४ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर २५० लिटर. दर शंभर धरला तरी २५,००० रुपये नुसत्या पेट्रोलचे. वर हप्ता, विमा, ड्रायव्हरचा पगार आणि रात्रीचा भत्ता. कंपनी ८ तास ८० किलोमीटरचं पॅकेज देते, पण विमानतळावरून रिकामं परत यायचे किलोमीटर धरत नाही. बजेट ऑनरोड सोळा लाखांपर्यंत.

विचारायचं आहे ते असं. यातली कोणती गाडी पिवळ्या पाटीवर लाखभर किलोमीटर पळवलेली कुणी आहे का? मागे बसणाऱ्यांनी काय सांगितलं? आणि जास्त ताकदीच्या टर्बो इंजिनला जास्त पैसे द्यावेत का?

प्रतिसाद १

दादा, टर्बो विसरा. पिवळ्या पाटीला स्पीड गव्हर्नर लागतो, गाडी ८० च्या वर जाणारच नाही. एक्सप्रेसवेवरसुद्धा नाही. साधं इंजिन घ्या आणि वाचलेले पैसे टायरला ठेवा.

बुकिंगच्या आधी डीलरकडून लेखी घ्या की हेच मॉडेल टी परमिटवर (टुरिस्ट टॅक्सीच्या परवान्यावर) पासिंग करून देणार. तोंडी सगळेच हो म्हणतात. माझे बुकिंगचे पैसे एका ठिकाणी दोन महिने अडकले होते. कमर्शियल नोंदणीत वॉरंटीच्या अटी बदलतात का, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटण कोण बसवणार तेही.

प्रतिसाद २

मी अकरा वर्षं एका कंपनीत ट्रान्सपोर्ट डेस्क सांभाळलं, पाहुण्यांच्या तक्रारी माझ्याकडेच यायच्या. गाडी कोणत्या कंपनीची यावर तक्रार आल्याचं आठवत नाही. मागे एसी पोचत नाही, गाडीत वास येतो, ड्रायव्हर सारखा फोनवर बोलतो, बॅग ठेवायला जागा नाही, या येत. तुमच्या यादीतल्या गाड्यांना मागे एसीचे व्हेंट असतात, तरी घेणार त्या मॉडेलला आहेत का ते बघून घ्या. आणखी एक करा. तुमचा ड्रायव्हर उंच असेल तर त्याला त्याच्या सवयीने सीट लावून बसू द्या आणि मग मागे बसा. शोरूममध्ये पुढची सीट पुढे सरकवून ठेवलेली असते, त्यावर जागा मोजू नका.

आणि कराराबद्दल: रिकामे किलोमीटर आत्ताच मागा. गॅरेज टू गॅरेज, म्हणजे गाडी गॅरेजमधून निघाल्यापासून परत येईपर्यंत मीटर धरणाऱ्या कंपन्या आहेत. नवी गाडी त्यांना हवी आहे, सही व्हायच्या आधी तुमचा शब्द चालेल. नंतर कुणी ऐकणार नाही.

प्रतिसाद ३

जीएसटीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान पेट्रोल-सीएनजी गाड्यांना १८ टक्के आणि तुम्ही बघताय त्या गाड्यांना ४० टक्के कर आहे. कंपनीला ५ टक्क्यांनी बिल लावत असाल तर गाडीवर भरलेल्या कराचं क्रेडिट (तो कर पुढच्या करातून वजा करून घेणं) मिळणार नाही. १८ टक्क्यांनी लावलं तर प्रवासी वाहतुकीच्या गाडीवर ते मिळू शकतं. चाळीस टक्के म्हणजे लाखांत रक्कम आहे. बुकिंगआधी सीएकडे जा, आणि १८ टक्क्यांचं बिल कंपनीला चालतं का तेही विचारा.

धागालेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. जीएसटीचं खरंच डोक्यात नव्हतं, आम्ही आजवर ५ टक्क्यांनीच बिल लावत आलोय. सोमवारी सीएची वेळ घेतली आहे. कंपनीच्या अ‍ॅडमिन मॅडमना रिकाम्या किलोमीटरबद्दल मेल टाकला, त्या बोलू म्हणाल्या.

टर्बोसाठी जास्त पैसे द्यायचे नाहीत, हे ठरलं. स्लाव्हिया आणि व्हर्टसमध्ये टर्बोच येतं, म्हणून आता त्यांच्यातलं लहान इंजिन, नाहीतर साध्या इंजिनाची सिटी. रविवारी वडील, मेव्हणा (उंची सहा फूट) आणि घरातल्या दोन मोठ्या बॅगा घेऊन तिन्ही शोरूमला जातोय. बॅगा डिकीत ठेवून झाकण लावून बघणार, मेव्हण्याच्या मागे वडिलांना बसवणार. स्पीडब्रेकरवर भरलेली गाडी खाली घासते का, हे टेस्ट ड्राइव्हला चौघं बसून बघतो.

सिटी पिवळ्या पाटीवर चालवणाऱ्या कुणी अजून लिहिलं नाही. असेल कुणी तर रविवारच्या आत जरूर लिहा.