मदत हवी आहे : विभक्त राहत असल्यास अमेरिकेच्या टॅक्स रिटर्नमध्ये कोणते स्टेटस लिहावे?

अबोली : पती आणि मी वेगळे राहतो, घटस्फोटाचा अर्ज कोर्टात आहे. १५ एप्रिल (रिटर्न भरण्याची शेवटची तारीख) तोंडावर आला असताना त्यांनी २०२५ चे संयुक्त रिटर्न सहीसाठी पाठवले आहे. मला सिंगल म्हणून वेगळे भरायचे आहे. चालेल का? कृपया लवकर सांगावे.

दीपमाळ : माझ्या मेहुणीने वेगळी राहू लागल्यावर सिंगल म्हणूनच भरले आणि कोणीही विचारले नाही. निर्धास्त भरा.

तळेकाठ : कोणी विचारले नाही म्हणून ते नियमात बसत नाही. आयआरएस (अमेरिकेचे कर खाते) ३१ डिसेंबरची स्थिती धरते. त्या दिवशी घटस्फोटाचा किंवा कायदेशीर विभक्ततेचा हुकूम झालेला नसेल, तर घरे वेगळी असली तरी तुम्ही विवाहितच ठरता. अबोलीताई, हुकूम झाला आहे का? मूल कोणाकडे असते?

सागरगोटा : आमच्या कॅलिफोर्नियात पती-पत्नीचे उत्पन्न सामाईक धरतात, त्यामुळे वेगळ्या रिटर्नमध्येही ते निम्मे-निम्मे दाखवावे लागू शकते. आधी ही वाटणी दाखवण्याचा फॉर्म ८९५८ पाहा.

अबोली : मी न्यू जर्सीत, एडिसनला आहे. हुकूम नाही. सात वर्षांची मुलगी वर्षभर माझ्याकडेच होती. घरभाडे, किराणा सगळे माझ्या पगारातून. पती मे महिन्यात बॉस्टनला गेले. मुलीची क्रेडिट (मुलामागे मिळणारी करसवलत) ते मागत आहेत.

तळेकाठ : न्यू जर्सीत सामाईक उत्पन्नाचा नियम नाही. मात्र पती नोकरीपुरते गेले की घर सोडून? नोकरीनिमित्त तात्पुरता बाहेर असलेला जोडीदार घरातच राहतो असे धरतात.

अबोली : घर सोडूनच. तिथे त्यांच्या नावे भाडेकरार आहे.

तळेकाठ : मग हेड ऑफ हाउसहोल्ड (घर चालवणारी व्यक्ती) म्हणून भरा. वर्षाचे शेवटचे सहा महिने जोडीदार घरात नसावा, निम्म्याहून अधिक घरखर्च तुम्ही केलेला असावा आणि मूल निम्म्याहून अधिक वर्ष तुमच्या घरी राहिलेले असावे, या अटी तुम्ही सांगता त्यावरून पूर्ण होतात. २०२५ साठी मॅरिड फायलिंग सेपरेटलीला (विवाहित, पण वेगळे रिटर्न) स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट, १५,७५० डॉलर आहे, हेड ऑफ हाउसहोल्डला २३,६२५. फॉर्म ८३३२ वर सही करून मुलीची क्रेडिट पतींना दिलीत, तरी हे स्टेटस तुमच्याकडेच राहते.

दीपमाळ : तरी संयुक्त रिटर्नमध्ये दोघांचा मिळून कर बहुधा कमी बसतो. वाद वाढवण्यापेक्षा सही करावी. शिवाय २०१८ नंतर झालेल्या घटस्फोटांत पोटगीवर कर लागत नाही.

मंजिरी : पोटगीचा प्रश्न ताईंनी विचारलेलाच नाही. संयुक्त रिटर्नवर सही केली, की पतींनी न दाखवलेल्या उत्पन्नाचा कर आणि दंडही तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. वेगळे भरलेले रिटर्न तीन वर्षांच्या आत दोघांच्या संमतीने संयुक्त करता येते. संयुक्त भरलेले मात्र मुदत उलटल्यावर वेगळे करता येत नाही. मुलीचा पत्ता नमूद असलेले पत्र शाळेकडून आजच मागून घ्या आणि घरभाड्याच्या पावत्या जपून ठेवा.