मदत हवी आहे: ग्रिडवर सगळे कण एकाच बाजूने दिसतात

नमस्कार मंडळी. विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाची रचना क्रायो-ईएमने (नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहण्याची पद्धत) काढतोय. शुद्धीकरण छान होतं, जेलवर एकच स्वच्छ पट्टा येतो. पण ३ मिलिमीटरच्या ग्रिडवर (नमुना धरणारी बारीक जाळी) घेऊन द्रवरूप इथेनमध्ये गोठवलं की प्रथिनाचे जवळजवळ सगळे कण वरूनच दिसतात, तीन पाकळ्यांच्या फुलासारखे. बाजूचं दृश्य नाहीच, म्हणून रचनेचा त्रिमितीय नकाशा एका दिशेला ओढल्यासारखा येतो. कण हवा-पाण्याच्या सीमेला चिकटत असावेत. ग्रिड ३० अंश तिरकी करून पाहिली. थोडा फरक पडला, पण रेझोल्यूशन घसरलं.

कण सीमेला चिकटू नयेत म्हणून आता डिटर्जंट घालावं की ग्राफीन ऑक्साइडचा थर द्यावा? डिटर्जंटने ट्रायमर (तीन घटक जुळून बनलेलं हे प्रथिन) सुटा होईल याची धास्ती वाटते, नमुना फार थोडा उरलाय. कुणी वापरलं असेल तर गोठवण्याच्या किती आधी घातलं, तेवढं तरी सांगा.