फोटो 'उजळून द्या' म्हणजे नेमकं काय करून द्यायचं?

नागपूरच्या बर्डीवर आमचं फोटोचं दुकान आहे, गिऱ्हाईक येते नि म्हणते भाऊ जरा उजळून द्या. आता सॉफ्टवेअरमधे एक्स्पोजर, ब्राइटनेस, हायलाइट्स, शॅडोज, व्हाइट्स असे सगळे स्लायडर आहेत आणि नव्या पोराला नुसतं 'उजेड वाढव' म्हटलं की तो हाताला येईल तो ओढते. पुस्तकात एक्स्पोजरला 'उद्भासन' म्हणतात, पण दुकानात तो शब्द काढला तर गिऱ्हाईक पळून जाईल. तुम्ही लोकं काय म्हणता?

प्रतिसाद:
एक्स्पोजर राहू द्या नं भाऊ, रुळलाय तो. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधे एक्स्पोजर १ ने वाढवलं म्हणजे एक स्टॉप, प्रकाश दुप्पट, तोही अख्ख्या फोटोवर. मे महिन्यात भर दुपारी दीक्षाभूमीवर फोटो काढा, मागे पांढरा घुमट चमकून राहिला आणि समोरच्या माणसाचं तोंड काळं, इथं एक्स्पोजर वाढवलं तर तोंड दिसते पण घुमटाची गोलाई जाते, नुसता पांढरा ठिपका उरते. म्हणून हायलाइट्स खाली, शॅडोज वर. मी पोरांना 'उजेड दाब, सावली उचल' असं सांगतो, त्यांना लगेच कळते. फक्त फाइल कोणती ते आधी बघायचं, जेपेगमधे एकेका रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमधे, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधे, १६,३८४, त्यामुळे जेपेगची सावली फार उचलली की दाणे नि पट्टे दिसायला लागतात. आणि जे पूर्ण पांढरं होऊन गेलं ते कोणत्याच स्लायडरने परत येत नाही.

प्रतिसाद:
'सावली' मला खटकते. सावली पडायला काहीतरी आडवं यावं लागते, स्लायडरला ते कुठं कळते, त्याला फक्त गडद काय ते दिसते. केस, काळा कोट, सगळंच उचलते. आपल्या मिरवणुकीतल्या काळ्या मारबतीच्या पुतळ्याच्या फोटोवर शॅडोज पूर्ण वाढवून बघा, करडी मारबत निघेल बे! 'गडद भाग' म्हणा.

प्रतिसाद:
भाऊ, तुमच्या गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा प्रकाश नकोच असतो, गोरेपणा हवा असतो. मराठीत 'उजळ' चे दोन्ही अर्थ होतात नं, लख्ख पण आणि वर्णाने उजळ पण, त्यात लग्नाच्या बायोडाटाचा फोटो असला की दुसराच अर्थ धरायचा. मी सरळ विचारते, चेहऱ्यावर लाइट कमी पडला म्हणून की रंग बदलायचा म्हणून? लाइट कमी असेल तर चेहऱ्यापुरता मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, थोडं एक्स्पोजर वाढवून देते, रंग बदलायचा असेल तर नाही म्हणते, मुलगी प्रत्यक्षात दिसेलच की. हळदीच्या फोटोत मांडवाच्या पिवळ्या कापडाचा रंग तोंडावर येतो, लोकं त्यालाही 'उजळा' म्हणतात, तिथं व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची झाक काढणं, लागते.

प्रतिसाद:
अजून एक गोंधळ घ्या. आपल्याकडे 'फोटो जळला' म्हणजे पांढरा पडला. फोटोशॉपचा बर्न टूल फिरवा, तो भाग काळा होते! काहून, तर हे डार्करूममधलं, म्हणजे फिल्मचे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीतलं आहे. निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश सोडायचा, जिथं जास्त वेळ सोडला तिथं कागद जास्त काळा, ते बर्न. आणि पुठ्ठ्याचा तुकडा काडीला लावून प्रकाश अडवला की तेवढा भाग फिका, तो डॉज. आयकॉन नीट बघा, बर्नचा हात आहे नि डॉजची ती काडीच आहे, पोरांना लॉलीपॉप वाटते. म्हणून मी डॉज-बर्नचं मराठी करतच नाही, 'जाळ' म्हटलं तर पोरगं उलटंच करेल.

प्रतिसाद:
धन्यवाद राजे हो. एक्स्पोजर तसंच ठेवतो, शॅडोजला 'गडद भाग उचलणे' आणि हायलाइट्सला 'उजेड दाबणे' लिहून चिकटवतो कॉम्प्युटरवर. आता कर्व्हला, म्हणजे उजेड कमीजास्त करायला ओढतो त्या रेषेला, काय म्हणू? 'वक्र' म्हटलं तर पोरांना गणिताचा तास वाटते.

प्रतिसाद:
आमच्याकडे 'दोरी' म्हणतात. मधून वर ओढ, खालचं टोक तिथंच राहू दे.