डॅनियल लेव्ही: घासाघिशीची 24 वर्षं

कोंबडा 1882

4 सप्टेंबर 2025 ला डॅनियल लेव्ही आपल्या टॉटनहॅमच्या, लंडनच्या फुटबॉल क्लबच्या, चेअरमनपदावरून पायउतार झाला. मार्च 2001 पासून खुर्चीत बसलेला माणूस. इतकी वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली तोच अचानक नाही म्हटल्यावर दोन दिवस चुकल्यासारखं झालं, हे आधीच कबूल करतो.

तेव्हापासून दोनच सूर कानावर येतायत. एक, "स्टेडियम दिलं, आणखी काय पाहिजे?" दुसरा, "24 वर्षांत दोन कप, बरं झालं गेला." (दोन म्हणजे 2008 चा लीग कप आणि 2025 ची युरोपा लीग.) मला दोन्ही अर्धवट वाटतात. सगळे त्याला कंजूष म्हणतात. माझ्या मते तो कंजूष नव्हता, घासाघीस करणारा होता, आणि यात फरक आहे. कंजूष पैसे काढतच नाही. हा काढायचा, पण समोरचा दमल्यावर. आता फुटबॉलमध्ये समोरचा दमेपर्यंत कधी कधी आपलाच हंगाम हातचा जातो.

31 ऑगस्ट 2010 आठवा. रेआल माद्रिदचा राफाएल व्हान डर व्हार्ट, विंडो (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत) बंद होता होता, साधारण 80 लाख पौंडांत. चोरीचा माल वाटावा असा भाव! त्या रात्री आपणच लेव्हीला डोक्यावर घेतलं होतं.

आता 2018 चा उन्हाळा. ॲस्टन व्हिला पैशासाठी मेटाकुटीला आलेली, जॅक ग्रीलिशला विकल्याशिवाय गत्यंतर नाही अशी अवस्था. आपण भाव पाडत बसलो. जुलैत व्हिलाला नवे मालक मिळाले आणि विषय संपला. त्या उन्हाळ्यात आपण एकही खेळाडू घेतला नाही. विंडोची पद्धत सुरू झाल्यापासून उन्हाळाभर एकही खरेदी न करणारा प्रीमियर लीगमधला पहिला क्लब. जानेवारीतही कोणी नाही, उलट मूसा डेम्बेले चीनला गेला.

तीच टीम 1 जून 2019 ला चॅम्पियन्स लीगची फायनल खेळली. पहिल्याच मिनिटात आपल्या सिसोकोच्या हाताला बॉल, पेनल्टी, लिव्हरपूलचा सालाह, खेळ खल्लास. आणि हा सिसोको घेतला होता कधी? 31 ऑगस्ट 2016, विंडोच्या शेवटच्या तासांत, 3 कोटी पौंडांना. म्हणजे ताटकळलोही आणि स्वस्तही पडला नाही.

बोला.

हिशेबनीस

कोंबडेबुवा, गोष्ट रंगवता छान, पण ती 2010 पासून का सुरू करता? 2001 पासून करा की. त्या साली सगळे ज्याचं उदाहरण देत होते तो क्लब लीड्स. चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, आणि खेळाडू सगळे उधारीवर. 2004 मध्ये खाली घसरले, 2007 मध्ये थेट तिसऱ्या पायरीवर. पोर्ट्समथने 2008 चा एफए कप उचलला, 2010 मध्ये दिवाळं. आपण 2000-01 मध्ये 12 वे होतो, हे कुणाच्या लक्षात तरी आहे का?

पुढे 2003 मध्ये चेल्सीला अब्रामोविच मिळाला, 2008 मध्ये मँचेस्टर सिटीला अबू धाबी. आपल्या मालकांनी तशी तिजोरी कधीच मोकळी सोडली नाही. तरी 2025 पर्यंतच्या 20 हंगामांपैकी 18 हंगाम आपण युरोपच्या स्पर्धांत खेळलो. ते काय आपोआप झालं?

आणि स्टेडियमबद्दल बोलताना सगळे विटा मोजतात, मी व्याज मोजतो. आपल्या जुन्या मैदानात, व्हाइट हार्ट लेनमध्ये, 36,000 माणसं बसायची, नव्यात 62,850. खर्च 100 कोटी पौंडांच्या घरात. सप्टेंबर 2019 मध्ये लेव्हींनी त्यातलं 52.5 कोटींचं कर्ज 15 ते 30 वर्षांच्या रोख्यांत बदलून घेतलं, सरासरी व्याज 2.66 टक्के. चार वर्षांत बँक ऑफ इंग्लंडचा दर 5.25 वर गेला. त्यांनी आणखी दोन-तीन वर्षं घासाघीस केली असती तर आज आपण व्याज भरता भरता मेलो असतो. वेळ चुकणारा माणूस म्हणता ना? ही वेळ कशी साधली मग?

रात्रपाळी

हिशेबनीस, 2.66 टक्क्यांचा कप असतो का हो? कपाटात कुठल्या फळीवर ठेवायचा?

मी आकड्यांचा माणूस नाही. मला एप्रिल 2021 आठवतो. रविवार 18 तारीख, बड्या क्लबांच्या वेगळ्या युरोपीय स्पर्धेची, सुपर लीगची घोषणा, बारा क्लबांत आपलं नाव. युरोपचा चषक 1984 नंतर न बघितलेले आपण, आणि निघालो खानदानी सरदारांच्या पंगतीला बसायला. सोमवारी सकाळी मॅनेजर मोरिन्योला नारळ. पुढच्या रविवारी लीग कपची फायनल! सहा दिवसांवर. सिटीविरुद्ध टीमला कोणी नेलं, तर 29 वर्षांच्या रायन मेसनने. 0-1. मंगळवारपर्यंत सुपर लीगचाही फुगा फुटलेला. एका आठवड्यात माणसाने इतकं कसं काय घालवावं, हा खरंच अभ्यासाचा विषय आहे.

मोरिन्यो ती फायनल जिंकला असता असं मी म्हणत नाही. पण ज्याला कप जिंकण्याच्या ख्यातीवर आणला त्याला कपच्याच आठवड्यात काढायचं, यात कुठला हिशेब बसतो ते समजावून सांगा.

हिशेबनीस

सुपर लीग चूकच. तिथे मी लेव्हींची बाजू घेणार नाही. क्लबने मागाहून माफी मागितली, ती मागावीच लागली.

तोफखाना

शेजारच्या गल्लीतून, आर्सेनलकडून डोकावतोय, दगड मारू नका.

आम्हीही 2006 मध्ये नवीन घर बांधलं. हप्ते फेडताना नऊ वर्षं कप नाही, दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी सोडून जायचा, आणि आमचेच लोक मॅनेजर व्हेंगरच्या नावाने फलक फडकवायचे. तेव्हा स्टेडियममुळे हात बांधले जातात हे मला मान्य आहे. पण 2014 मध्ये एफए कप आलाच. तुमचा हिशेबनीस जे सांगतोय ते खरं असेल तर 2019 नंतर तुमचे हात मोकळे व्हायला हवे होते. 2023-24 मध्ये तुमचं उत्पन्न साधारण 52.8 कोटी पौंड, पगारावर खर्च 22.2 कोटी. 42 टक्के! प्रीमियर लीगमध्ये सगळ्यांत कमी. घर बांधून झालं, भाडेकरूही आले, तरी स्वयंपाकघरात चूल पेटेना. याला काय म्हणायचं?

(एबेरेची एझेबद्दल मी काही बोलणार नाही. तुमच्या दारातून उचलला, गोड लागला.)

कोंबडा 1882

एझेचं नाव काढलंस, आता मारतोच दगड.

पण तोफखान्याने मुद्द्याला हात घातला. ऑगस्ट 2025 मध्ये एझे आपल्याकडे जवळजवळ आलेला होता. पुन्हा तेच, एक-दोन दिवस इकडे-तिकडे, आणि हे लोक घेऊन गेले. सात वर्षांपूर्वी ग्रीलिश, आता एझे. माणूस शिकत नाही असं नाही, लेव्ही स्टेडियमच्या बाबतीत कितीतरी गोष्टी शिकला. पण ट्रान्सफरच्या टेबलावर ज्या पद्धतीने एकदा व्हान डर व्हार्ट मिळाला, ती पद्धत त्याने पंधरा वर्षं सोडली नाही.

जानेवारी 2012 मी विसरणार नाही. मॅनेजर रेडनॅपची टीम तिसरी, अव्वल क्लबांच्या मानेवर श्वास टाकत होती. मॉड्रिच, बेल, व्हान डर व्हार्ट एकाच मैदानात. एक धक्का हवा होता. आले कोण? रायन नेल्सन आणि लुई साहा. शेवटी चौथे. तेवढ्यात चेल्सीने चॅम्पियन्स लीग जिंकली आणि चौथ्या नंबरला त्या स्पर्धेत मिळणारी आपली जागाही गेली. रेडनॅपला जूनमध्ये डच्चू, मॉड्रिच माद्रिदला, पुढच्या वर्षी बेलही तिकडेच. बेलच्या 8.5 कोटींतून सात जण आणले, त्यातला एरिक्सन तेवढा बावनकशी. लामेलाच्या बाबतीत माझं घरातच भांडण आहे, तो विषय नको.

हिशेबनीस

मॉड्रिचला 2011 मध्ये चेल्सीला विकायला नकार कुणी दिला? बेलसाठी जगातली तोवरची सगळ्यात मोठी रक्कम कुणी काढून घेतली? हॅरी केनला 2021 मध्ये सिटीला न देता दोन वर्षं राखलं, आणि 30 वर्षांचा, करारात एक वर्ष उरलेला असताना बायर्नकडून 10 कोटी युरोंच्या वर घेतले. असा सौदा दुसरा कोणी करून दाखवावा.

रात्रपाळी

दाखवू नका, पोटात कालवतं. 280 गोल. ग्रीव्ह्जचा 266 चा विक्रम मोडलेला, आपल्याच अकादमीतला पोरगा. निघून गेला आणि 2025 मध्ये तिकडे लीग जिंकून बसला. त्याला विकताना मिळालेला भाव तुम्ही अभिमानाने सांगताय. मला त्या दोन राखलेल्या वर्षांत त्याच्यासाठी काय केलंत ते सांगा. मॅनेजर म्हणून नूनोला चार महिने, मग कॉन्टे. मार्च 2023 मध्ये साउदॅम्प्टनला 3-1 वरून 3-3 झाल्यावर कॉन्टे पत्रकारांसमोर भडकला, की 20 वर्षं हेच मालक आहेत आणि कधी काही जिंकले नाहीत, का? आठ दिवसांनी तोही गेला.

हिशेबनीस

2008 विसरला होता तो. चेल्सीला 2-1, वुडगेटचं डोकं.

रात्रपाळी

डोकं नाही हो, चेहरा! त्यालाही कळलं नसेल बॉल कुठे लागला. पण मान्य, जिंकलो होतो.

तिकीटवाला

मी लंडनलाच राहतो, म्हणून जरा वेगळं.

पहिल्यांदा नव्या मैदानात गेलो तेव्हा मी लेव्हीविरोधी होतो आणि बाहेर येताना गोंधळलेला होतो. दक्षिण स्टँड म्हणजे 17,500 माणसांची एकच सलग भिंत. बिअरचा पेला खालून भरतो, बुडाला भोक आणि त्यावर चुंबकाची चकती. पेला दाबला की तळातून वर चढत जातो. बघायलाच माणसं रांग लावून उभी. आणि खाली फरशी आहे ना, तिच्यात जुन्या व्हाइट हार्ट लेनचं काँक्रीट दळून मिसळलंय. छतावरच्या कोंबड्याला, म्हणजे क्लबच्या चिन्हाला, आपला जुना खेळाडू गॅस्कोइन याच्या एअरगनच्या छऱ्याचा पोचासुद्धा जुन्यासारखाच ठेवलाय. एवढं बारीक ज्याने बघितलं त्याला क्लबबद्दल माया नव्हती असं मी म्हणणार नाही.

पण हाच माणूस 2011 मध्ये क्लबला टॉटनहॅममधून उचलून स्ट्रॅटफर्डच्या ऑलिम्पिक मैदानावर न्यायला निघाला होता. ते वेस्ट हॅमला मिळालं म्हणून आपण इथे उरलो. याच माणसाने मार्च 2020 च्या शेवटच्या दिवशी 550 कर्मचाऱ्यांचा पगार 20 टक्के कापण्याची घोषणा केली, सरकारी मदतीच्या योजनेचा आधार घेऊन. त्याच सुमारास हिशेब बाहेर आले त्यात त्याची स्वतःची कमाई 70 लाख पौंड, पैकी 30 लाख स्टेडियम पूर्ण केल्याचा बोनस. लोक खवळले तेव्हा दोन आठवड्यांत निर्णय मागे. 2024 मध्ये ज्येष्ठांच्या तिकिटांच्या सवलतीला कात्री लावायला निघाले. चाळीस-पन्नास वर्षं येणारी माणसं, आणि त्यांच्याशीही भाव करायचा?

कोंबडा 1882 घासाघीस म्हणतो ते मला पटतं, फक्त तो ती खेळाडूंपुरती बघतो. रेआल माद्रिदशी घासाघीस करणारा चेअरमन मला चालतो. चहावाल्या मावशींशी आणि सत्तरीतल्या आजोबांशी तीच पद्धत चालत नाही. फलक आले ते तिथून आले. "धंदा उभारला, क्लब मारला" अशा अर्थाचा फलक 2025 मध्ये झळकला, तो नुसता कपांवरून नव्हता.

हिशेबनीस

कर्मचाऱ्यांच्या पगाराबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के. स्ट्रॅटफर्डवर मात्र मतभेद. ती हॅरिंगे कौन्सिलवर, म्हणजे टॉटनहॅमच्या स्थानिक पालिकेवर, दबाव टाकायची खेळी होती असं मला आजही वाटतं. 2011 च्या उन्हाळ्यात टॉटनहॅममध्ये दंगल उसळली, दुकानं जळाली, आणि मग कुठे सरकारी यंत्रणा हलली.

तिकीटवाला

खेळी असेल तर जास्तच वाईट. आपल्याच लोकांना सोडून जायची धमकी पत्ता म्हणून टाकायची?

रात्रपाळी

बिलबाओचं, युरोपा लीगच्या फायनलचं, कोणीच काढलं नाही अजून! 21 मे 2025. ब्रेनन जॉन्सनच्या पायाला लागून की कुणाच्या अंगाला लागून, बॉल एकदाचा आत. व्हान डे व्हेनने गोलरेषेवर हवेत आडवं होऊन काढलेला तो बॉल मी अजून रोज एकदा बघतो. कॅप्टन सोनच्या हातात दहा वर्षांनी कप. मी रडलो, लपवत नाही. आणि सोळाव्या दिवशी मॅनेजर पोस्टेकोग्लूला काढलं.

हिशेबनीस

लीगमध्ये 17 वे होतो. 22 पराभव. भावना बाजूला ठेवा, तुम्ही चेअरमन असता तर ठेवला असता?

रात्रपाळी

नसता ठेवला. पण सोळा दिवस तरी वाईट वाटून घेतलं असतं.

तोफखाना

आता तुमच्याकडे कारभार बघायला विनय वेंकटेशम आहेत. आमच्याकडून गेलेले. जपून वापरा.

कोंबडा 1882

लेव्हीची खुर्ची गेली, हिस्सा गेलेला नाही, हेही ध्यानात ठेवा. क्लबची मालक कंपनी एनिक, तिच्यात त्याच्या कुटुंबाचा सुमारे 30 टक्के वाटा अजून आहे. म्हणजे उद्या जिंकलो तरी फायदा त्याचाच.

आणि एक बघितलंत का? जाण्याआधी तीन दिवस, 1 सप्टेंबरला, विंडोच्या शेवटच्या दिवशी कोलो मुआनी आला. पॅरिसहून. उसना.

तिकीटवाला

किती वाजता?

कोंबडा 1882

विचारतोस काय!