कॅन्डिडाचा संसर्ग: दोष बुरशीचा की आपल्या उपचारांचा?

निशाचर: कॅन्डिडा अल्बिकान्स हे यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, कितीतरी जणांच्या तोंडात, आतड्यात मुकाट नांदतं. तेच आयसीयूतल्या पेशंटच्या रक्तात उतरलं की जिवावर बेततं. माझ्या मते त्याला आत आपणच घेतो. अँटिबायोटिकचा मारा करून जागेसाठी भांडणारे जिवाणू संपवायचे, केमोने पांढऱ्या पेशी खाली आणायच्या, मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन (औषधं द्यायची नळी) घालायची, आणि वर बुरशीला शिव्या!

मायक्रोवाली: इतकं गरीब नाहीये ते. ३७ अंश तापमान आणि सीरम (रक्तातला पातळ द्रव) मिळालं की गोल पेशीतून लांब तंतू फुटतो. त्यावरचं एएलएस३ हे प्रथिन आपल्या पेशीला चिकटतं आणि तिलाच बुरशीला आत ओढायला लावतं. नाहीतर तंतू थेट घुसतो. शिवाय कॅन्डिडालायसिन: ३१ अमिनो आम्लांचं विष, पेशीपटलाला भोकं पाडतं. २०१६ मध्ये ते उजेडात आलं.

निशाचर: मग धडधाकट माणसाच्या रक्तात का नाही सापडत? दम्याचा स्टिरॉइड पंप घेऊन चूळ न भरणाऱ्याच्या जिभेवर पांढरा थर येतो, घरातल्या बाकीच्यांच्या नाही.

रेवती_क: आणि योनिमार्गाचा संसर्ग? चारपैकी जवळजवळ तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी होतो. त्यातल्या कित्येक ठणठणीत असतात. ना केमो, ना लाइन. तिथे पांढऱ्या पेशी धावून येतात, बुरशी पुरती आवरत नाहीत, उलट जळजळ त्यांच्यामुळेच वाढते. प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून झालं, हे इथे लागू होतच नाही.

कोकणी_बाणा: तंतूचंही फार कौतुक नको. कॅन्डिडाचीच दुसरी जात ग्लाब्राटा असे तंतू न काढता रोग करते, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींच्या पोटात बसून वाढते. आणि २००९ मध्ये जपानमध्ये एका पेशंटच्या कानात सापडलेली तिसरी जात, ऑरिस! कातडीवर, बेडच्या कठड्यावर टिकते, फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाला बहुधा दाद देत नाही. वॉर्डात ती हातांवरून फिरते, म्हणजे निशाचर पूर्ण चूक नाहीत.

निशाचर: रेवतीताई, तो वरवरचा संसर्ग. मी रक्तातल्याबद्दल बोलतोय. तिथे पहिला प्रश्न एकच: लाइन कधी काढणार?

मायक्रोवाली: काढाच. पण लाइनवरचा चिकट थर बांधतं कोण, प्लास्टिक? आणि ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) यीस्ट आलं तर ‘कंटॅमिनेशन असेल, बाहेरून नमुन्यात पडलं असेल’ म्हणून सोडू नका. औषध सुरू करा, डोळेही तपासून घ्या; कधीकधी ते पडद्यापर्यंत पोचलेलं असतं.