ड्रेको उगाच बदनाम झाला का?

कोरांटी: प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सचे पहिले लेखी कायदे करणाऱ्या ड्रेकोने ते शाईने नाही, रक्ताने लिहिले, हे वाक्य सगळ्यांना पाठ. पण ते म्हणणारा अथेन्सचा वक्ता डेमाडीस ड्रेकोनंतर सुमारे ३०० वर्षांनी झाला आणि आपल्याला सांगणारा ग्रीक चरित्रकार प्लुटार्क तर इ.स. १०० च्या आसपासचा. भाजी चोरली तरी मृत्युदंड, हेही त्याच्याकडूनच. आता दगड बघा. ड्रेकोचा मनुष्यवधाचा कायदा अथेन्सने इ.स.पू. ४०९-०८ मध्ये पुन्हा कोरून घेतला, तो सापडलाय. ठरवून न मारता जीव घेतला तर शिक्षा हद्दपारी. मयताचे वडील, भाऊ, मुलगे एकमताने तयार असतील तर माफी. यात राक्षसी काय आहे?

खडूस: असहमत. ड्रेकोनंतर अथेन्सचे कायदे नव्याने करणाऱ्या सोलोनने इ.स.पू. ५९४ च्या सुमारास नेमका तेवढाच कायदा ठेवला, बाकीचे सगळे रद्द केले. त्यातलं बरं तेवढं उरलं आणि त्यावरून तुम्ही अख्ख्या संहितेला चारित्र्याचा दाखला देताय! आणि प्लुटार्क नको तर अ‍ॅरिस्टॉटल घ्या. ड्रेकोच्या कायद्यांत शिक्षांच्या कडकपणाखेरीज नोंद घेण्याजोगं काही नाही, असं तोही म्हणतो.

कोरांटी: तोही ३०० वर्षांनंतरचाच की. त्याआधी काय चालायचं ते बघा. सत्ता बळकावू पाहणाऱ्या कायलोनच्या माणसांना अभय देऊन बाहेर काढलं आणि मारलं. त्यानंतर दहाएक वर्षांत, इ.स.पू. ६२१ च्या सुमारास, ड्रेको येतो. हद्दपार माणूस सीमेवरच्या बाजारापासून आणि खेळांपासून लांब राहिला, तर त्याला मारणाराही खुनीच, असं त्याचा कायदा सांगतो. सुडाला घातलेला हा लगाम मला तरी थोर वाटतो.

उंबरठा: तुम्ही दोघं फाशीवरच अडकलात. कर्ज फिटलं नाही की कर्जदार गुलाम, ही अथेन्सची खरी जखम. ड्रेकोने ती तशीच ठेवली, सोलोनला बंद करावी लागली. माझा राग त्यावर आहे.

खडूस: +१. आणि लहान गुन्ह्यालाही मृत्यू का, असं विचारल्यावर ड्रेको म्हणाला म्हणे, तो त्यांना योग्यच आहे, मोठ्या गुन्ह्यांसाठी याहून मोठी शिक्षा सापडत नाही. याचं काय?

कोरांटी: पुन्हा प्लुटार्कच! इतकं चटपटीत उत्तर कुणीतरी मागाहून रचलेलं वाटतं. उंबरठा यांचा मुद्दा मात्र मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.