अनुभव धागा : डिझाइन करता करता प्रोजेक्ट मॅनेजर झालात?

वेब डिझाइनमध्ये हात बसलेल्या माणसाला कधीतरी विचारणा होतेच : "आता टीम सांभाळशील का?" पगारवाढ समोर दिसत असते, माणूस हो म्हणून बसतो. पुढे काय झालं ते इथे लिहा. सल्ले नकोत, घडलेलं सांगा. कंपन्यांची नावं मात्र टाळा. सुरुवात मीच करते.

पुणे

फोटोशॉपची फाइल कापून टेबलांत पानं बसवायची, त्या काळापासून मी यात आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ६ साठी वेगळी स्टाइलशीट लिहिलीय, २०१० साली ईथन मार्कॉट यांनी रिस्पॉन्सिव्हची (एकच पान मोबाइलपासून मोठ्या पडद्यापर्यंत जुळवून घेण्याची) कल्पना मांडल्यावर सगळं पुन्हा शिकलेय. मॅनेजर झाल्यावर हे सगळं वाया जाणार असं वाटलं होतं. पण ते कामी आलं अंदाजपत्रकात.

एका पतसंस्थेची इंग्रजी साइट मराठीत आणायची होती. सगळ्यांचं म्हणणं, भाषांतर चिकटवायचं, दोन दिवसांचं काम. मी आधी लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षरांच्या आकाराच्या पटीत) बघितली : १.२. इंग्रजीला ती पुरते. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्या-रफारांवर चढतात. त्यातून 'सबमिट'च्या बटणात 'अर्ज सादर करा' बसवायचं, म्हणजे ते दोन ओळींत फुटणार. मी दोन आठवडे मागितले. एक्सेल दाखवून हे कुणाला पटलं नसतं. बॅनरवरच्या 'सर्वोत्तम'चा रफार छाटला गेलेला स्क्रीनशॉट पाठवला, संध्याकाळी मंजुरी आली.

ठाणे

दिवसभर राबून संध्याकाळी दाखवायला काही नसतं, याची सवय व्हायला मला फार वेळ लागला. आधी निदान एखादं पान तरी उभं राहायचं. आता फोन, मेल आणि पाठपुरावा.

आणि साइट कोडपायी अडकते हा गैरसमज आहे. ती अडकते 'आमच्याविषयी'च्या मजकुरासाठी आणि अध्यक्षांच्या फोटोसाठी. म्हणून करारातच लिहितो : मुदत मजकूर हातात पडल्यापासून मोजली जाईल.

दुसरं म्हणजे डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. ते बहुतेक वेळा जुन्या व्हेंडरच्या नावावर असतं आणि तो फोन उचलत नाही. पहिल्याच मीटिंगला लॉगिन मागून घ्या. साइट हलवायच्या एक-दोन दिवस आधी टीटीएल (जुनी नोंद इतर सर्व्हर किती वेळ धरून ठेवतात तो काळ) ३०० सेकंदांवर आणा, आणि डीएनएस (डोमेन कुठे न्यायचं ते सांगणारी यंत्रणा) बदलत असाल तर एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायची त्या नोंदी) जसेच्या तसे उचला. नाहीतर साइट झकास आणि ऑफिसची मेल बंद! हे मी डिझायनर असताना कुणीतरी दुसरं बघायचं.

नागपूर

मी परत फिरलो. ज्याच्याबरोबर रोज डबा खायचो त्याचं अप्रेझल लिहायची वेळ आली. वरून रेटिंग ठरून आलेलं, माझी फक्त सही. त्यानंतर तो दुपारी दुसऱ्या टेबलावर बसायला लागला. आज दुसरीकडे लीड डिझायनर आहे. पगार मॅनेजरच्या आसपास, आणि डिझाइनचं फिगमा दिवसभर उघडं. कमीपणा वगैरे काही वाटत नाही. (सासरेबुवांना अजून वाटतो.)

टोरांटो

मला जड गेलं ते हात आवरणं. ज्युनिअरचं मार्जिन चुकलेलं दिसलं की बोटं शिवशिवतात. आमच्या बॉस बाईंनी माझा कोडच्या रिपॉझिटरीत लिहायचा ॲक्सेसच काढून घेतला. राग आला होता, पण उपाय जालीम निघाला.

पीएमपीचं (प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या प्रमाणपत्राचं) विचारणारे बरेच भेटतात. त्यासाठी प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव दाखवावा लागतो, शिवाय ३५ तासांचं प्रशिक्षण. पद नुसतं 'डिझायनर' असलं तरी प्रकल्प तुम्ही चालवला असेल तर तो अनुभव धरता येतो, लोकांना हेच माहीत नसतं. आणि स्क्रम या कामाच्या पद्धतीच्या गाइडमध्ये डेली, म्हणजे टीमची रोजची मीटिंग, १५ मिनिटांचीच आहे. ती पाऊण तास चालत असेल तर साहेब स्टेटस घेतायत असं समजा.

पुणे

ठाणेकर, मजकूर आलाच नाही तर पैशांचं काय करता? आमचा शेवटचा हप्ता दर वेळी लटकतो.

ठाणे

हप्ता 'लाइव्ह झाल्यावर' असा लावूच नका. डमी मजकुरासह साइट स्टेजिंगवर (लाइव्हआधीच्या चाचणीच्या जागेवर) उभी राहिली की मोठा हप्ता देय, लाइव्हनंतरचा अगदी किरकोळ ठेवा. क्लायंट कुरकुरतो, पण सही करतो.